टायमर चिप आणि अवरक्त किरण : महाविद्यालयीन प्रकल्पासाठी एका किरण-गणकाची उभारणी

गोषवारा

५५५ या टायमर चिपच्या साहाय्याने अवरक्त किरणांवर चालणारे छोटे प्रकल्प पदवी स्तरावरील विद्यार्थी नेहमीच करतात. त्यांपैकी बरेचसे प्रयोगशाळेच्या टेबलावर चालतात आणि उन्हात किंवा कारखान्यात बंद पडतात. असे का होते, आपल्या प्रकाशाला स्वतःची ओळख देण्यासाठी टायमर कसा उपयोगी पडतो आणि तीन टायमरांच्या मांडणीतून भरवशाचा गणक कसा उभा राहतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. उदाहरणादाखल माधवनगर परिसरातील यंत्रमाग घेतला आहे. कारण तेथे मोजणीचा संबंध थेट मजुरीशी येतो.

बीजशब्द : अवरक्त किरण, ५५५ टायमर, अस्थिर आंदोलक, किरण-गणक, यंत्रमाग, पीक, विद्यार्थी प्रकल्प.

प्रस्तावना

विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात प्रकल्पाला पूर्वीपासून गुण आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या श्रेयांक-आराखड्यात तर क्षेत्रप्रकल्पाला स्वतंत्र स्थान मिळाले आहे. त्यामुळे दरवर्षी मार्गदर्शक प्राध्यापकापुढे तोच प्रश्न उभा राहतो : विद्यार्थ्याने आणलेला प्रकल्प त्याने स्वतः केला आहे काय? तयार प्रकल्प बाजारात विकत मिळतात, हे आपण सर्वजण जाणतो. खोक्यावर दिवा लागतो, भोंगा वाजतो, वहीत आकृती चिकटवलेली असते. परंतु 'हा रोधक एवढाच का?' असे विचारताच विद्यार्थी गप्प होतो. विद्यार्थ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्या प्रकल्पातील प्रत्येक किंमत कागदावर काढता येते, मापून पाहता येते आणि चुकल्यास का चुकली हे सांगता येते, असा प्रकल्प त्याच्या हाती देणे हा त्यावरचा उपाय आहे.

५५५ ही चिप या कसोटीला उतरते. तिची किंमत दहा-पंधरा रुपयांच्या घरात आहे, ती सांगली-मिरजेसारख्या शहरात सहज मिळते आणि तिच्या आत काय घडते ते फळ्यावर वीस मिनिटांत समजावून देता येते. मायक्रोकंट्रोलरला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. मात्र तो विद्यार्थ्याच्या हाती दुसऱ्या क्रमाने यावा, असे मत आहे. लेख बहुविद्याशाखीय नियतकालिकासाठी असल्याने अन्य शाखांतील सहकाऱ्यांनाही मुख्य युक्तिवाद समजावा, अशा रीतीने मांडणी केली आहे. आकडेमोड वगळून वाचले तरी फारसे बिघडणार नाही.

अवरक्त किरण आणि उजेडाची अडचण

सन १८०० मध्ये विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून निरनिराळ्या रंगांत तापमापक ठेवले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या तापमापकाचा पारा अधिक चढलेला आढळला. हेच अवरक्त किरण होत. आपल्या भाषेतील ही संज्ञा फार नेमकी आहे. 'अव' म्हणजे खाली. या किरणांची वारंवारता तांबड्या प्रकाशाच्या खाली असते, हा अर्थ शब्दातच आला आहे.

प्रकल्पात वापरला जाणारा अवरक्त एलईडी साधारणतः ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. त्याच्या दोन टोकांमधील विद्युतदाब सुमारे १.२ व्होल्ट असतो, म्हणजे तांबड्या एलईडीपेक्षाही कमी. तो चालू आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही; मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरल्यास पडद्यावर फिकट जांभळा ठिपका दिसतो. काही मोबाइलच्या मागील कॅमेऱ्यात अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते, अशा वेळी पुढचा कॅमेरा वापरावा.

सर्वांत सोपा प्रकल्प असा : एका बाजूला एलईडी सतत पेटता ठेवायचा, समोर फोटोडायोड ठेवायचा आणि मध्ये हात आला की भोंगा वाजवायचा. बाजारात मिळणारे स्वस्त तयार संवेदकही बहुधा याच तत्त्वावर चालतात. त्यांत एक तुलनित्र आणि एक फिरवता रोधक असतो. सायंकाळी प्रयोगशाळेत हा प्रकल्प उत्तम चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदर्शनात खिडकीशेजारचे टेबल मिळाले की तो ठार आंधळा होतो.

याचे कारण सूर्य. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग अवरक्त असतो. हवेतील बाष्प ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश काही प्रमाणात शोषते, म्हणून तेथे सूर्याचा जोर थोडा कमी असतो आणि ही तरंगलांबी निवडण्याचे ते एक कारण आहे. तरीही उरलेला प्रकाश आपल्या एलईडीच्या मानाने प्रचंड असतो. तंतूचा जुना दिवाही बव्हंशी अवरक्त प्रकाशच देतो. फोटोडायोडला हे सारे सारखेच. आपला प्रकाश कोणता आणि परका कोणता, हे त्याला सांगणारी एकही खूण आपण दिलेली नसते.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या वेळी एवढा गलका असतो की मोठ्याने ओरडून उपयोग नसतो. ओळखीची लकब मात्र गलक्यातूनही कानाला कळते. आपल्या प्रकाशाला अशी लकब द्यावयाची, म्हणजे त्याला ठरावीक वेगाने लुकलुकवायचे. सूर्य लुकलुकत नाही. तंतूचा दिवा लुकलुकला तरी सेकंदाला शंभर वेळाच. आपण सेकंदाला अडतीस हजार वेळा लुकलुकवू आणि तेवढ्याच वेगाला प्रतिसाद देणारा ग्राहक समोर ठेवू. घरातील दूरचित्रवाणीचा रिमोट हेच करतो. हे लुकलुकवण्याचे काम टायमरचे.

टायमरच्या आत

हान्स कामेन्झिंड या झुरिच येथे जन्मलेल्या अभियंत्याने १९७१ मध्ये सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी कंत्राटावर ही चिप आखली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. त्यांच्या पहिल्या आराखड्यास नऊ पिना लागत होत्या. आतील स्थिर प्रवाहाचा स्रोत काढून त्याऐवजी बाहेरचा साधा रोधक वापरला तर एक पिन वाचते, हे त्यांच्या नंतर लक्षात आले आणि चिप आठ पिनांच्या लहान कवचात बसली. तिचा एवढा प्रसार होण्यास ही काटकसर कारणीभूत ठरली. कामेन्झिंड २०१२ मध्ये निवर्तले. चिप अद्याप बनते आहे.

आत पाच किलोओहमचे तीन समान रोधक एकापुढे एक जोडलेले असतात. त्यामुळे पुरवठ्याच्या विद्युतदाबाचे तीन समान भाग पडतात. एक तुलनित्र एकतृतीयांश दाबावर आणि दुसरे दोनतृतीयांश दाबावर लक्ष ठेवून असते. बाहेर जोडलेले धारित्र, म्हणजे कपॅसिटर, रोधकांमधून भरत जाते. त्याचा दाब दोनतृतीयांशावर पोचला की फ्लिप-फ्लॉप उलटतो, निर्गम शून्यावर येतो आणि पिन ७ मधील ट्रान्झिस्टर धारित्र रिकामे करू लागतो. दाब एकतृतीयांशापर्यंत उतरला की फ्लिप-फ्लॉप पुन्हा उलटतो. हे अखंड चालू राहते, म्हणून या मांडणीस अस्थिर आंदोलक म्हणतात.

दोन्ही मर्यादा पुरवठ्याच्या प्रमाणात ठरत असल्याने बॅटरी उतरली तरी वेळ फारसा बदलत नाही. ही गोष्ट विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहावी. पुरवठा ६ व्होल्टवरून ९ व्होल्टवर नेऊन वारंवारता मोजण्याचा प्रयोग दहा मिनिटांचा आहे. पिन ७ व पुरवठा यांमधील रोधक र१, पिन ७ व पिन ६ यांमधील रोधक र२ आणि धारित्र ध मानल्यास सूत्र असे होते :

वारंवारता = १.४४ ÷ [(र१ + २ × र२) × ध]

आपल्याला ३८ किलोहर्ट्झ हवे आहेत. ध एक नॅनोफॅरड आणि र१ एक किलोओहम घेतल्यास र२ सुमारे १८.४ किलोओहम येतो. असा रोधक दुकानात मिळत नाही. १८ किलोओहम घेतला तर उत्तर ३८.९ किलोहर्ट्झ येते. कागदावर हे चालण्यासारखे आहे; परंतु धारित्राच्या किमतीत दहा टक्के कमी-जास्त असणे नेहमीचे असते. म्हणून १२ किलोओहमचा स्थिर रोधक आणि त्याच्याशी एकसरीत १० किलोओहमचा प्रीसेट घ्यावा. धारित्र दहा टक्के कमी निघाल्यास र२ सुमारे २०.५, जास्त निघाल्यास १६.७ किलोओहम लागतो. दोन्ही किमती प्रीसेटच्या कक्षेत येतात. बाजारातून आणलेल्या आकृतीत प्रीसेट असतो, पण तो तेथे का आहे आणि दहा किलोचाच का आहे, हे लिहिलेले नसते. तोंडी परीक्षेसाठी याहून चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही.

धारित्र पॉलिएस्टरचे घ्यावे. साध्या सिरॅमिक चकतीची किंमत तापमानाबरोबर सरकते आणि एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखाली ती किती सरकेल याचा भरवसा नाही. ग्राहकाला वारंवारतेतील दोन-तीन टक्क्यांचा फरक खपतो. दहा टक्क्यांचा फरक पडल्यास पल्ला बराच घटतो.

एलईडी पिन ३ आणि शून्य यांमध्ये १०० ओहमच्या रोधकातून जोडावा. येथे विद्यार्थी हमखास असा हिशेब करतात : पाचातून १.२ वजा, भागिले शंभर, म्हणजे ३८ मिलिअँपिअर. प्रत्यक्षात मोजले तर सुमारे २० भरतात. कारण द्विध्रुवी ५५५ चा निर्गम ५ व्होल्ट पुरवठ्यावर सुमारे ३.३ व्होल्टपर्यंतच चढतो. पुस्तकातले आणि मापकावरचे उत्तर जुळत नाही तेव्हाच खरे शिकणे सुरू होते. मार्गदर्शकाने उत्तर लगेच सांगू नये.

ग्राहक अखंड किरणास का नाकारतो

ग्राहक म्हणून टीएसओपी १७३८ ही तीन पायांची वस्तू आपल्याकडे रूढ आहे. तिच्यात फोटोडायोड, प्रवर्धक, ३८ किलोहर्ट्झचा गाळणपरिपथ आणि आपोआप कमी-जास्त होणारी संवेदनशीलता हे सर्व एकत्र असते. संकेत नसताना तिचा निर्गम वर असतो, संकेत मिळताच तो खाली येतो. निर्मात्याने ही मालिका आता बंद केली आहे. तिच्या जागी आलेल्या नव्या मालिकांमध्ये पायांचा क्रम वेगळा आहे. जुन्या मालिकेत शून्य, पुरवठा, निर्गम असा क्रम होता. नव्या अनेक ग्राहकांत निर्गम, शून्य, पुरवठा असा असतो. जुनी आकृती पाहून नवी वस्तू जोडल्यास ती गरम होऊन निकामी होऊ शकते. विकत घेतलेल्या वस्तूचे माहितीपत्रक पाहिल्याशिवाय डाग देऊ नये.

आता मुख्य अडचण. वरीलप्रमाणे ३८ किलोहर्ट्झचा अखंड किरण ग्राहकावर टाकला की निर्गम क्षणभर खाली येतो आणि मग किरण चालू असतानाही पुन्हा वर जातो. विद्यार्थी प्रीसेट फिरवत राहतात, एलईडी बदलतात, चिप बदलतात. परिपथात दोष काहीच नसतो. ग्राहक त्याला नेमून दिलेले काम चोख करीत असतो.

ही वस्तू रिमोटसाठी बनवलेली आहे. रिमोटचा संदेश तुटक असतो : थोडे तरंग, थोडी विश्रांती. याउलट इलेक्ट्रॉनिक चोकची नळी किंवा सीएफएल दिवा काही दशसहस्र हर्ट्झने सतत लुकलुकत असतो आणि त्याची वारंवारता ३८ किलोहर्ट्झच्या जवळपास येऊ शकते. म्हणून निर्मात्याने ग्राहकाला असे शिकवले आहे, की जे न थांबता येत राहते तो दिवा समजावा आणि स्वतःची संवेदनशीलता उतरवावी. आपला अखंड किरण त्याला दिव्यासारखाच वाटतो. सूर्यापासून वेगळे दिसण्यासाठी प्रकाशाला लय दिली. आता दिव्यापासून वेगळे दिसण्यासाठी त्या लयीत विराम द्यावा लागतो.

किती विराम, हेही ठरलेले आहे. टीएसओपी १७ मालिकेच्या माहितीपत्रकानुसार एका झोतात किमान १० तरंग हवेत. १० ते ७० तरंगांच्या झोतानंतर किमान १४ तरंगांइतका खंड हवा. आणि असे छोटे झोत सेकंदाला १४०० पर्यंत सतत पाठवता येतात. ३८ किलोहर्ट्झला ७० तरंग म्हणजे सुमारे १.८ मिलिसेकंद आणि १४ तरंग म्हणजे सुमारे ०.३७ मिलिसेकंद.

हा विराम देण्यासाठी दुसरा टायमर लागतो. त्यात र१ एक किलोओहम, र२ दहा किलोओहम आणि ध ०.१ मायक्रोफॅरड घ्यावे. निर्गम वर राहण्याचा काळ ०.६९३ × ११ किलोओहम × ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे ०.७६ मिलिसेकंद, खाली राहण्याचा काळ ०.६९ मिलिसेकंद. या झोतात सुमारे २९ तरंग बसतात, खंड २६ तरंगांचा होतो आणि सेकंदाला सुमारे ६९० झोत जातात. माहितीपत्रकाच्या तिन्ही अटी पाळल्या जातात. या मंद टायमरचा निर्गम वेगवान टायमरच्या पिन ४, म्हणजे रीसेट, येथे जोडावा. पिन ४ शून्यावर असेपर्यंत वेगवान टायमर स्तब्ध राहतो. दोन्ही टायमर एकाच कवचात हवे असल्यास ५५६ ही चौदा पिनांची चिप घ्यावी. ऑसिलोस्कोप असलेल्या महाविद्यालयांनी प्रत्येक झोताचा पहिला तरंग जरूर पाहावा. तो इतरांपेक्षा लांब असतो, कारण त्या वेळी धारित्र एकतृतीयांशापासून भरत नसून जवळजवळ शून्यापासून भरते.

ग्राहकाच्या पुरवठ्यात १०० ओहमचा रोधक आणि ४.७ मायक्रोफॅरडचे धारित्र घालणे आवश्यक आहे. द्विध्रुवी ५५५ निर्गम बदलताना क्षणमात्र मोठा प्रवाह ओढते, तो धक्का पुरवठ्याच्या तारेतून ग्राहकापर्यंत पोचतो आणि संकेत नसताना संकेत दिसू लागतात. प्रत्येक टायमरच्या पिन ८ व पिन १ यांलगत ०.१ मायक्रोफॅरड आणि पिन ५ वर ०.०१ मायक्रोफॅरड हवेच. ७५५५ ही सीमॉस आवृत्ती वापरल्यास हा त्रास बराच कमी होतो.

तुटलेला किरण ओळखणे

ग्राहकाचा निर्गम आता सेकंदाला सुमारे ६९० वेळा खाली-वर होतो. आपल्याला मात्र 'किरण आहे' आणि 'किरण तुटला' एवढ्या दोनच अवस्था हव्या आहेत. यासाठी तिसरा टायमर एकस्थिर मांडणीत वापरतात आणि तो सतत लांबणीवर टाकत राहतात. ग्राहकाचा निर्गम पिन २ ला जोडावा. पिन ६ व ७ एकत्र करून पुरवठ्याशी ४७ किलोओहमने आणि शून्याशी ०.१ मायक्रोफॅरडने जोडाव्यात. या धारित्रास समांतर बीसी ५५७ हा पीएनपी ट्रान्झिस्टर ठेवावा : एमीटर धारित्राकडे, कलेक्टर शून्याकडे आणि बेस एक किलोओहममधून ग्राहकाच्या निर्गमाकडे.

एकस्थिर मांडणीचा काळ १.१ × ४७ किलोओहम × ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे सुमारे ५ मिलिसेकंद. परंतु दर दीड मिलिसेकंदाला येणारा झोत ट्रान्झिस्टरमार्फत धारित्र रिकामे करतो आणि पाच मिलिसेकंद कधीच पुरे होत नाहीत. निर्गम वर राहतो. किरण अडला, झोत थांबले, की धारित्र भरून निर्गम खाली येतो. ट्रान्झिस्टर धारित्र पूर्ण रिकामे करीत नाही, सुमारे ०.७ व्होल्ट शिल्लक राहतात. म्हणून प्रत्यक्ष काळ साडेचार मिलिसेकंदांच्या आसपास येतो. एखादा झोत चुकला तरी काही बिघडत नाही, तीन चुकले तरच किरण तुटल्याचे धरले जाते. किरण पुन्हा सुरू होताच निर्गम स्वच्छ उसळी घेऊन वर जातो. ही उसळी सीडी ४०२६ या दशमान गणकास दिल्यास तो थेट सात पट्ट्यांच्या दर्शकावर अंक दाखवतो.

मागावरील पीक

हा गणक ग्रंथालयाच्या दारात माणसे मोजण्यास वापरता येतो आणि बहुतेक प्रकल्प तेथेच थांबतात. माधवनगर, विटा आणि शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी या पट्ट्यातील आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी यंत्रमागाचा संबंध येतो. तेव्हा याच परिपथाला तेथे काय काम आहे, हे पाहणे अधिक उपयुक्त वाटते.

कापडात दर इंचाला आडव्या धाग्यांची जी संख्या असते तिला मागवाले पीक म्हणतात. इचलकरंजीत यंत्रमाग कामगाराच्या मजुरीची बोलणी दर मीटरमागे आणि पिकाच्या हिशेबाने होत आली आहेत. ५२ पिकाचे कापड त्यासाठी प्रमाण म्हणून धरले जाते. एका मीटरमध्ये ३९.३७ इंच, म्हणजे ५२ पिकाच्या एका मीटरला सुमारे २,०४७ आडवे धागे. साधा माग मिनिटाला १३० फेरे करतो असे धरले तर न थांबता चालूनही एका मीटरला पावणेसोळा मिनिटे लागतात. मोजणीत दोन टक्क्यांची चूक म्हणजे दर मीटरला एक्केचाळीस धागे. ही चूक कोणाच्या खिशातून जाते हे गणक कोणत्या बाजूला चुकतो यावर अवलंबून आहे. प्रकल्पाच्या अहवालात 'अचूकता' या मथळ्याखाली विद्यार्थी जे एक वाक्य लिहितात, त्याला येथे पैशाचा अर्थ येतो.

क्रँक शाफ्टच्या एका फेऱ्याला एक आडवा धागा पडतो. त्या शाफ्टवर पत्र्याची पट्टी बसवून ती एलईडी व ग्राहक यांमधून जाईल अशी मांडणी करावी. तळचा शाफ्ट हाताशी सोपा असतो म्हणून तेथे पट्टी बसवण्याचा मोह होतो. परंतु तो दोन धाग्यांमागे एकदाच फिरतो आणि मोजणी निम्मी येते. १३० फेऱ्यांना प्रत्येक फेरा सुमारे ४६० मिलिसेकंदांचा. पट्टीने फेऱ्याचा दहावा भाग व्यापल्यास किरण ४६ मिलिसेकंद अडतो. आपल्याला साडेचार पुरतात. वेगाच्या बाबतीत परिपथाला दहापट मोकळीक आहे. बारा तासांत माग न थांबल्यास ९३,६०० फेरे होतील, म्हणून पाच अंकी दर्शक हवा. सीडी ४०२६ ला दर्शक विझवण्यासाठी स्वतंत्र पिन असते. वीज गेली की दर्शक विझवून केवळ गणक छोट्या बॅटरीवर जिवंत ठेवता येतो आणि आकडा पुसला जात नाही.

टेबलावर न दिसलेल्या अडचणी मागापाशी दिसतात. पहिली तर उलटीच आहे : प्रकाश कमी पडत नाही, जास्त होतो. ग्राहक काही मीटरवरील रिमोट ओळखण्यासाठी बनवलेला आहे. त्याच्यापासून चार बोटांवर २० मिलिअँपिअरचा एलईडी ठेवल्यास पट्टी आडवी आली तरी आजूबाजूच्या गुळगुळीत लोखंडावरून परतलेला प्रकाश त्याला पुरतो आणि किरण तुटल्याचे कळतच नाही. एलईडीचा रोधक १०० ओहमऐवजी २.२ किलोओहम करावा. प्रवाह सुमारे एक मिलिअँपिअरवर येतो आणि गणक शुद्धीवर येतो. दोन्ही बाजूंना अरुंद नळी बसवावी. ती काळ्या प्लास्टिकची असेल तर तपासून घ्यावी, कारण डोळ्यांना काळे दिसणारे काही प्लास्टिक अवरक्त किरणांना पारदर्शक असते. आतून काळा रंग दिलेली धातूची नळी उत्तम.

दुसरी अडचण कापसाच्या तुसाची. ते नळीच्या तोंडाशी साचते आणि काही दिवसांनी किरण कायमचा तुटलेला राहतो. रोधक अगदी काठावर ठेवू नये, थोडी शिल्लक ठेवावी, आणि नळी खाली तोंड करून बसवावी. 'किरण आहे' असे दाखवणारा एक साधा हिरवा दिवा तिसऱ्या टायमरच्या निर्गमावर लावल्यास बिघाड लगेच कळतो. तिसरी अडचण मोटारीच्या स्टार्टरची. ठिणगी पडताच खोटे आकडे उमटू शकतात. ग्राहक ते गणक ही तार आखूड ठेवावी आणि ती मोटारीच्या तारेबरोबर बांधू नये.

पट्टी बसवण्याचे काम माग बंद असताना, मालक आणि मागावरील कामगार या दोघांच्या संमतीने व्हावे. दर्शक कामगाराला दिसेल अशा जागी असावा, ही अट प्रस्तुत लेखकाच्या मते तांत्रिक अटींइतकीच महत्त्वाची आहे. ज्याची मजुरी आकड्यावर ठरते त्याला आकडा दिसला पाहिजे. डोळ्यांच्या दृष्टीने २० मिलिअँपिअरपर्यंतचा साधा एलईडी फारसा धोक्याचा नाही. मात्र अधिक प्रवाहाच्या एलईडीकडे जवळून पाहू नये. प्रकाश दिसत नसल्याने पापणी आपोआप मिटत नाही.

एक मर्यादा मात्र या मांडणीत राहतेच. गणक मागाचे फेरे मोजतो, धागे मोजत नाही. आडवा धागा तुटल्यावर माग थांबेपर्यंत जे एक-दोन रिकामे फेरे होतात तेही मोजले जातात. शिवाय दोष काढण्यासाठी कामगार माग हाताने उलटा फिरवतो, तेव्हाही आकडा वाढतो. तो वास्तविक कमी व्हायला हवा. एका किरणाला दिशा कळत नाही. दोन किरण थोड्या अंतराने ठेवले तर कोणता आधी तुटला यावरून दिशा समजते आणि एका डी फ्लिप-फ्लॉपने वर-खाली मोजणाऱ्या गणकास तशी आज्ञा देता येते. परंतु दोन्ही किरण ३८ किलोहर्ट्झचे असल्यास एकाचा प्रकाश दुसऱ्याच्या ग्राहकात शिरतो. ३६ आणि ३८ यांची जोडीही उपयोगाची नाही, कारण ग्राहकाचे गाळणे तेवढे अरुंद नसते. ३६ आणि ५६ किलोहर्ट्झ यांची जोडी निवडावी. दोन्ही वारंवारतांचे ग्राहक मिळतात. ५६ साठी एक नॅनोफॅरडवर र२ किती घ्यावा हे वरील सूत्रावरून येते : सुमारे १२.४ किलोओहम. आपल्या १२ किलोओहम व प्रीसेटच्या मांडणीत तो जेमतेम बसतो, आणि धारित्र दहा टक्के जास्त निघाले तर बसत नाही. तेव्हा स्थिर रोधक १० किलोओहमचा घ्यावा लागेल.